उभ्यानं गाडी खोलताना

माझं गाव देगलूरच्याही पल्याड, पार हद्दीवर. निम्मं गाव मराठी बोलायचं, निम्मं तेलुगू, आन् भांडण लागलं का दोन्हीत शिव्या. बाप दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचा, माय बी जायची. मी शाळेत बसायच्या ऐवजी पिठाच्या गिरणीपाशी जाऊन बसायचो, कामून तर तिथं डिझेलचं इंजन होतं, त्याचा आवाज ऐकत बसायचो. माय म्हणायची ह्या पोराला भाकर नसली तर चालतंय, इंजन पाहिजे. मग मामानं एक दिवस हाताला धरून नांदेडला आणलं आन् मोटरसायकलच्या एका उस्तादाच्या हाताखाली घातलं, तिथून माझी जिंदगी सुरू झाली म्हणा.

उस्ताद कसे होते, काय सांगू तुम्हाला. उभ्या माणसाला ते मेकॅनिकच म्हणायचे न्हाईत. म्हणायचे, बैठो, गाडी के बराबर बैठो, उभं राहून गाडी दिसत न्हाई. उकिडवं बसायचं आन् दोन गुडघ्यांच्या मधी फडकं ताणून घ्यायचं, त्याची झोळी व्हायची, त्या झोळीत नट, वायसर, बोल्ट, जसं खोललं तसं टाकत जायचं. खाली बघायचं कामच न्हाई, हात घातला का हाताला पाहिजे तेच लागायचं. माझ्यासंगं लातूरचा युसूफ शिकायला होता, आम्ही दोघं सकाळी बसलो का जेवायलाच उठायचो. सगळी उमर तशी बसून काढली बघा, लग्न झालं, संतोष झाला, तो शिकला, पुण्याला कंपनीत लागला, सगळं ह्या बसण्यावरच झालं.

आधी रोडवर दुकान होतं. रोड रुंद झाला, त्यात दुकान गेलं, मग विष्णुपुरीला घराच्या अंगणातच पत्रा टाकला आन् काम सुरू केलं. कालेजची पोरं गाड्या आणत्यात. पोरं चांगली हायत, काका काका करत्यात, गाडी मात्र बैलासारखी हाणत्यात. बरं चाललं होतं, आन् मग गुडघे गेले.

आधी नुसतं दुखायचं, मी तेल लावायचो आन् बसायचो. मग एक दिवस सकाळी एका पोराच्या गाडीची क्लच प्लेट बदलून राहिलो होतो, काम झालं, उठाया गेलो तर उठताच येईना. गाडीला धरून उठाया गेलो तर गाडीच अंगावर यायला लागली. संतोषची माय भाकरी टाकून पळत आली, एका काखेत तिनं हात घातला, दुसऱ्या काखेत त्या पोरानं, आन् मला उभं केलं. गिऱ्हाइकानं मेकॅनिकला उचलायचं, लई लाज वाटली. डागदर म्हणाले उकिडवं बसणं बंद, आजपासून बंद, न्हाईतर चालणंबी बंद व्हईल.

संतोषला कळलं तसा त्याचा फोन. बाबा, बास झालं आता, पुण्याला या दोघंबी. पोरगं मनापासून बोलतंय, सून बी गुणाची हाय, खोटं कामून बोलू, आम्ही मागं राहून आलो तवा ताट वाढून हातात द्यायची. पण दुपार झाली का मला कळायचंच न्हाई, हाताचं काय करावं. गॅलरीत उभं राहून खालच्या गाड्यांचे आवाज ऐकायचो, हिचा टॅपेट वाजतोय, हिची चेन ढिली हाय, आन् कुणाला सांगावं? लेकाच्या घरात मी पाव्हणा होतो. संतोषच्या मायचं तसं न्हाई. तिथं नात हाय, धाकली, ती दिवसभर आजीच्या मांडीवर, आजी उठली का रडायची. नांदेडला परत आलो तवा ही आठ-पंधरा दिवस जेवायला बसली का तिला नातीचाच घास आठवायचा.

म्या संतोषला म्हणालो, थोडं थांब. माणूस खाली बसू शकत न्हाई तर गाडी वर येऊ शकती का, ते बघू.

लातूरला युसूफनं त्याच्या घरी गाडी वर उचलायची लिफ्ट घेतली होती, ती बघायला गेलो. काय सुरेख वस्तू, साहेब. पुढचं चाक चिमट्यात धरायचं, पट्टे आवळायचे, पायानं दाबत राहायचं, गाडी हळूहळू छातीपर्यंत वर येती. मला तिथंच भुरळ पडली. युसूफनं च्या पाजला, मग म्हणाला, दिगू, ये तू नक्को ले. म्या म्हणालो कामून रे, तू घेतली ती चालती. तो म्हणाला, माझ्या खाली पक्की फरशी हाय, तुझ्या अंगणात काळी माती, पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा. एका कोपऱ्यानं कलली का वरून गाडी तुझ्यावर येईल, आन् तुला तर पळताबी येत न्हाई. तू आपलं लोखंडाचं टेबल करून घे, पाय मुरमापर्यंत खाली गाडून. दोस्त असा पाहिजे बघा, खरं सांगणारा.

तसंच केलं. गड्यानं मुरूम लागेपर्यंत चार खड्डे खणले, वेल्डरनं अँगलचं टेबल केलं, वर जाड पत्रा, गाडी चढवायला एका बाजूनं उतार. उंची किती ठेवायची म्हणून वेल्डरनं मला उभं केलं आन् माझ्या कोपराचं माप घेतलं. शिंप्यानं घेतलं होतं माप लग्नात, त्यानंतर ह्यानंच. टेबलाला हळदी-कुंकू लावलं, नारळ फोडला, आन् पहिली गाडी वर चढवली.

आन् काय झालं सांगू का. गाडी वर उभी केली, पट्टे बांधले, पाना घेतला, आन् मी उतारावरून वर चढलो आन् गाडीशेजारी उकिडवा बसलो. खरं सांगतो, ध्यानातच आलं न्हाई. पाना हातात आला का खाली बसायचं, येवढंच अंगाला ठावं. बसलो ते बसलो, गुडघे धरले, ना वर उठता येईना ना खाली उतरता येईना. संतोषची माय आली, बघितलं, तिला आधी हसू फुटलं, मग माझं तोंड बघून तिनं ते आवरलं. माझं पाऊल धरून म्हणाली, आवं उतरा आता, सावकाश. मला रडू आलं. म्हातारा माणूस टेबलावर बसून रडायला लागला.

त्यानंतर उभ्यानं करून बघितलं. पण उभ्या माणसाला झोळी कुठली? नट ठेवावा तर पत्र्यावरून घरंगळायचा, मातीत जायचा, तो हुडकायला पुन्हा खालीच वाकायचं. हात बावरल्यासारखे झाले, जे डोळे मिटून व्हायचं ते डोळे फाडून व्हईना. एका पोराच्या ब्रेकची स्प्रिंग हरवली तवा पाना फेकला आन् हिला म्हणालो, बांध बोचकं, जाऊ पुण्याला. तिच्या तोंडावर जे आलं ते म्या पाह्यलं. लई दिवसांनी असं खुललेलं तोंड पाह्यलं तिचं. तिनं पेटीबी काढली.

पेटी काढली आन् त्यात संतोषची जुनी जीनची पँट सापडली. ती घेऊन बसली बराच वेळ. मला वाटलं लेकाची आठवण आली आसंल. मग कात्री घेतली, सुई घेतली, संध्याकाळपर्यंत शिवत राहिली. सकाळी मला टेबलापाशी उभं केलं, कापडाची दोन टोकं टेबलाच्या कडेला अडकवली, दोन माझ्या कमरेला बांधली. माझ्या पोटापुढं झोळी झाली. म्हणाली, टाका आता नट. म्या टाकला. हात घातला, लागला हाताला.

आता बरं चाललंय. गुडघे दुखत्यात, दुखू द्या, उभा तर राहतो. पोरं येत्यात, झोळीचे फोटू काढत्यात, हसत्यात. मी बी हसतो. पण संध्याकाळी ती फोनवर नातीसंगं बोलत असती, नात तिकडून म्हणती आजी मला घे, आन् ही फोनच छातीशी धरती, तवा मला हातातला पाना खाली ठेवावा लागतो. मला मांडी शिवून दिली तिनं. तिच्या मांडीवर बसणारी तिकडं पुण्यात हाय. पेटी परत माळ्यावर ठेवताना तिला काय वाटलं आसंल, ते म्या आजवर इचारलं न्हाई, आन् तिनं सांगितलं न्हाई.

म्हणून पोरांना सांगून ठेवलंय, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या का काकाचा पत्रा बंद. आम्ही पुण्याला जाणार. परत कवा यायचं, यायचं का न्हाई, ते या खेपेला संतोषची माय ठरवील. ती म्हणाली चला, तर परत येऊ. ती म्हणाली ऱ्हावा, तर राहीन, गॅलरीत उभं राहून आवाज ऐकीन. माझ्या मनासारखं लई झालं. तुमच्या गाड्या नीट चालू द्या, पोरांनो, सावकाश चालवा, घरी वाट बघणारं कुणीतरी असतंय.