बाजूचा ब्रेक

नाही नाही ताई, बसा की, उभं राहून काय ऐकणार — ती खुर्ची नको, डगमगते, ही घ्या. तर काय विचारत होतात, मनाला कशाची गरज वाटते? कशाची नाही. कॅन्सर पोटात आहे, मनात नाही. पेशंटशी बोलायला तुम्हाला पाठवतात, चांगलं काम आहे — तो पडदा जरा सरकवता? नको, राहू द्या, उजेड डोळ्यांवर येतो. देवाचं म्हणाल तर ते खातं बायकोकडे. जन्मभर तिची टिंगल केली, आता औषध नवीन आहे म्हणून हात जोडू? अडला हरी म्हणतात ना, तसं — पण मग देवालाच गाढव म्हटल्यासारखं होईल, तेही बरं नाही.

मला मास्तर म्हणतात, पण शाळेतला नव्हे हो, मी गाडी शिकवायचो. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. नवा माणूस घामाघूम होतो — मास्तर, ट्रक येतोय! येऊ दे, म्हणायचं, माझा पाय आहे ब्रेकवर. तेवढ्यावर चालवतो बघा. मी दाबला क्वचितच. पण बाजूला कोणी नाही म्हटलं की तोच माणूस भर चौकात गाडी बंद पाडतो.

आता हे डॉक्टर — खोटं बोलत नाहीत, गुणी माणूस — त्यांना विचारलं, या औषधानं होणार काय? म्हणाले, आम्हालाही अजून माहीत नाही, तुमच्यासारख्यांकडूनच कळेल. म्हणजे गाडी नवी, रस्ता नवा, आणि बाजूची सीट — पाणी देता? नको, मळमळतं — रिकामी. हसताय? नाही? बरं. सकाळी आंघोळीला गेलो, नळ मोठा सोडला आणि हात जोडून पाहिले. काय म्हणायचं तेच सुचेना, नुसता उभा. बायकोनं बाहेरून विचारलं, झालं का? म्हटलं, झालं. आता बाहेर बाकावर बसलीय. रडते म्हणून आत घेत नाही तिला — छे, ती कुठली रडते. मी रडेन म्हणून.

आली वाटतं नर्स. हीच का ती बाटली? एवढीशी? बरं, तुम्ही निघा ताई, तुमची बाकीची माणसं खोळंबली असतील. आणि जाताना तिला आत पाठवा. इथे, या बाजूला बसायला सांगा. तिला गाडीतलं काही कळत नाही. नुसती बस म्हणावं. बघताय काय, जा ना.