तक्रार नसल्याचा दहावा दिवस

आजी : म्हणजे मला धरून न्यायला आला आहात.

कारकून : नाही आजी. धरून नेणारे वेगळे. त्यांना गाडी असते. मी बसने आलो.

आजी : ओळखपत्र दाखवा. असं लांबून नको, डोळ्यांपाशी धरा. लोकमत निरीक्षण कक्ष. हे काय असतं आणखी?

कारकून : लोक फोनवर काय काय लिहितात, ते आम्ही वाचतो. तुमचा वॉर्ड माझ्याकडे आहे.

आजी : आणि घराचा पत्ता कुणी दिला?

कारकून : असतो आमच्याकडे. सगळ्यांचाच असतो.

आजोबा : (आतल्या खोलीतून) कोण आहे गं?

आजी : कुणी नाही. सरकार आहे.

आजोबा : मग चपला बाहेर काढायला सांग.

कारकून : काढल्या, आजोबा.

आजी : बसा. त्या खुर्चीवर नको, डुगडुगते ती. हं. काय गुन्हा झाला माझ्याकडून?

कारकून : तुम्ही नऊ दिवस काही लिहिलं नाहीत.

आजी : न लिहिण्याचाही गुन्हा असतो?

कारकून : गुन्हा नाही, अडचण आहे. तीन वर्षं रोज सकाळी आठला तुमची ओळ येते. 'आजही बस आमच्या थांब्यावर थांबली नाही.' एकदा होतं, 'थांबली, पण दार उघडलं नाही.' मी ती असमाधानीच्या रकान्यात टाकतो. अख्ख्या वॉर्डात त्या रकान्यात तुम्ही एकट्याच.

आजी : एकटीच? आणि समोरची? ती तर दिवसभर सरकारच्या नावाने बोटं मोडत असते.

कारकून : तोंडाने. फोनवर त्या मांजराचे फोटो टाकतात. त्या समाधानी. मांजरही समाधानीत धरलंय.

आजी : बरं, मग?

कारकून : नियम असा आहे, दहा दिवस तक्रार आली नाही की प्रश्न सुटला असं धरायचं. आज दहावा. पाचला फाईल बंद होते. साहेबांनी शेरा लिहूनच ठेवलाय. 'नागरिक समाधानी. थांब्याची गरज उरलेली नाही.' सोमवारी माणसं येऊन खांब उपटतील.

आजी : थांबाच काढणार?

कारकून : हो.

आजी : अरे, पुढच्या महिन्यात ह्यांच्या डोळ्याची तारीख आहे! आता कधीमधी तरी थांबते. खांबच नसला की थेट बाजारापर्यंत चालत जायचं. दिसत नाही त्यांना. दोन वेळा गटारात पाय गेलाय.

आजोबा : एकदाच. दुसऱ्यांदा तुझा गेला.

कारकून : म्हणूनच आलो. एक ओळ लिहा. नेहमीचीच चालेल.

आजी : तूच लिही की. शिकलेला दिसतोस.

कारकून : निरीक्षकाला मत नसतं. सेवानियमात आहे तसं.

आजी : बरं, मी शेवटचं काय लिहिलं होतं?

कारकून : 'उद्या ह्यांचं डोळ्याचं ऑपरेशन. सातची बस थांबली तर.'

आजी : पाठ आहे की तुला.

कारकून : पुढचं काही कळलंच नाही. झालं नाही का ऑपरेशन?

आजी : सातची थांबली नाही. साडेसातचीही नाही. पोचलो तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्याला आत घेतलं होतं. म्हणून तर पुढच्या महिन्याची तारीख. घरी आल्यावर हे म्हणाले, बंद कर ते लिहिणं, कुणी वाचत नाही.

कारकून : मी वाचत होतो.

आजी : तीन वर्षं?

कारकून : रोज. सुट्टी असली की दुसऱ्या दिवशी.

आजी : आणि बसवाल्यांना सांगितलं नाहीस?

कारकून : सांगणारा विभाग वेगळा आहे.

आजी : कुठे असतो?

कारकून : आमच्याच इमारतीत. वरच्या मजल्यावर.

आजी : जिना मोडलाय का?

कारकून : नाही.

आजोबा : अगं, त्याला पाणी तरी दे.

आजी : देतेय. घे. आज येताना थांबली का रे आमच्या थांब्यावर?

कारकून : नाही. दोनदा बेल वाजवली. बाजारापाशी उतरून चालत आलो.

आजी : बरं झालं. तो फोन दे इकडे. घाई करू नकोस, मला साठीनंतर अक्षर आलंय. एकेक शोधावं लागतं.

कारकून : चार वाजलेत, आजी. नोंद मला कचेरीत जाऊन हाताने करायची आहे.

आजी : झालं. ऐक. 'आजही बस थांबली नाही. आत सरकारचा माणूस होता. त्याने बेल वाजवली. तरी नाही.'

कारकून : माझं नको त्यात.

आजी : खोटं आहे का?

कारकून : खोटं नाही. पण ह्यात दोन माणसं झाली. त्या रकान्यात आजवर एकच असायचं.

आजी : मग दोन लिही.

कारकून : पाचच्या आत पोचलो तर. सव्वाचारची मिळायला हवी. बाजारापर्यंत चालत गेलो तर चुकेल ती.

आजी : मग इथूनच बस.

कारकून : इथे थांबत नाही, आजी.

आजी : मला सांगतोस? चल, चपला घाल. हात दोघं करू.