भिकू मास्तरांचा दीर्घ उकार

बेचाळीस सालचं सांगतो. शहापूरच्या वाचनालयातून फ्रान्सच्या क्रांतीचा इतिहास कोण नेतो, ते फौजदार वहीत बघायचा. म्हणून मी तो वारलेल्या भिकू मास्तरांच्या नावानं सही ठोकून न्यायचो. मला बाराखडी त्यांनीच शिकवलेली.

एकदा फौजदारानं दरडावलं, "मेलेला माणूस सही करतो काय?"

ग्रंथपाल बापू म्हणाले, "अक्षर त्यांचंच हाय, साहेब."

फौजदार वही आपटून गेला.

"बापू, वाचवलंत!"

"वाचवतोय कसला? वहीत बघा की शेट."

मी घाईत 'भिकु' लिहायचो. प्रत्येक उकार लाल शाईनं दीर्घ केलेला, शेजारी मास्तरांच्याच अक्षरात शेरा: 'दहा वेळा लिहून आण.'

निमूट लिहून कागद वहीत ठेवला. आठवड्यानं पाहिला, तर तपासलेला होता.