काढलेला पंखा

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यातली. माझी गाडी दुरुस्त होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसले होते. समोर एक बाप-लेक आपली गाडी मिस्त्रींना दाखवत होते.

"मिस्त्री, एसीत तीनदा गॅस भरला. तरी सिग्नलला थांबलं की भट्टी!"

"आणि पळताना, काका?"

"पळताना गार. उद्या याच्या आईला दवाखान्यात न्यायचंय. मागच्या खेपेला सिग्नलवरच शुद्ध हरपली तिची."

"गॅस भरपूर आहे. इंजिन बदललंय का?"

"चिरंजीवांनी. बकरीला घोड्याचं काळीज! जुनं घरी झाकून ठेवलंय."

"बाबा, पळते किती ते बघा की."

"दादा, एसीच्या जाळीवरचा पंखा कुठाय? पळत्या गाडीला वारा मिळतो, उभीला पंखाच लागतो."

"मोठं इंजिन मावेना. म्हणून काढला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वाटलं, गॅसनं भागेल."

"तुझी आई माझ्या मांडीवर पडली होती. तू पुढून म्हणालास, गॅस गळतोय."

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही इंजिन काढायला लावलं असतंत."

"किल्ली दे."

"बाबा..."

"किल्ली."

"काका, पातळ पंखा मिळतो. उद्या सकाळी नक्की बसवतो."

पंखा बसला. त्या बाई आणखी सहा वर्षं जगल्या. दवाखान्यात नेताना गाडी वडीलच चालवत, मुलगा मागे आईजवळ बसे. हे मला मिस्त्रींनी सांगितलं. आता तेही नाहीत. वडील गेले तेव्हा किल्ली मुलाकडे आली. त्याच आठवड्यात तो टेम्पोत जुनं इंजिन घालून, ते परत बसवून घ्यायला गॅरेजवर आला होता.