सईच्या हातावरचा नंबर

उद्या रस्ता रोकोला पोरं नेताय ना? मग पिशवीत काय भरलंय ते आधी मला दाखवा. हसू नका गं. मागं शाळेपुढं गतिरोधक पायजे म्हणून आम्ही हायवेवर बसलो, तवा मी बी लई हुशारीनं पिशवी भरली हुती. पाणी, बिस्किटं, टोपी, ओला रुमाल. सई तवा सहा वर्षांची. हरवली तर असावा म्हणून तिच्या हातावर पेनानं फोन नंबर लिहायला घेतला. तिचे पप्पा म्हणाले, "माझा लिही. मी दौंडला ड्युटीवरच हाय."

मी म्हणलं, "तुम्ही ड्युटीवर कवा फोन उचललाय? माझाच बरा."

दुपारी लाठ्या सुरू झाल्या. पळापळीत पोरगी हातातनं सुटली, आन् मला धरून पोलिसांच्या गाडीत कोंबलं. ठाण्यात सगळ्यांचे फोन काढून टेबलावर ठेवले. जरा वेळानं माझाच वाजाय लागला. मी वरडले, "साहेब, माझी पोरगी कुणाला तरी सापडली असंल! उचलू द्या!"

साहेब म्हणाले, "खाली बस."

वाजून बंद व्हायचा, परत वाजायचा. मग बॅटरीच संपली.

चहाच्या टपरीवाल्या बाईनं विचारत विचारत सईला खुटबावला घरी आणून सोडलं. पोरगी धड हुती. पर अजून बी मी कुठं निघाले की पेन घिऊन येती आन् हात पुढं करती.

"पप्पांचा लिही," म्हणती. "तू उचलत न्हाईस."