चौथी रिव्हिजन

...आणि वर मलाच विचारतात, ‘‘यात विनोद कुठाय?’’ अहो, होता ना! तुम्हीच पुसायला लावलात! तुम्हाला सांगतो, मी इकडे हिंदी मुलखात, कारखान्यात ड्राफ्ट्समन, यंत्रांचे नकाशे काढतो. आमच्या नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. मी कायमचा पहिल्या चौकटीत. दुसरीत जायचं प्रमोशन येतंय येतंय... येत नाही! आपण काय हो, काढणारे!

पण टर्बाइनचा नकाशा बघून कुणी म्हणतं का, ‘वा, कुणी काढला?’ एकदा तरी कुणी विचारावं हो! म्हणून गणपतीत, मराठी मंडळाच्या प्रदर्शनासाठी म्हटलं व्यंगचित्र काढू, घरचंच! बाप वाकून पलंगाखाली चपला शोधतोय, कार्टं त्याच्या पायजम्याची नाडी कुत्र्याच्या गळ्यात बांधतंय, आईनं पोरावर भिरकावलेलं लाटणं चाललंय बापाच्या टाळक्यावर! कमल, आमची मंडळी, बघून हसली हो! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा... माझ्यावर नाही, माझ्यामुळे!

पण मंडळाचे अध्यक्ष कोण? आमच्याच कारखान्यातले नीळकंठसाहेब! मिशी अशी, की चहा आधी तिला पोचतो, मग साहेबांना. ‘‘हेमंतराव, बाप वाकलेला? सरळ उभा करा. पहिली दुरुस्ती, रिव्हिजन ए!’’ केला. सेक्रेटरी वैजयंतीबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर: ‘‘अहो, बाईच्या हातात लाटणं? शोभतं का? पुस्तक द्या!’’ दिलं. रिव्हिजन बी. पुन्हा साहेब: ‘‘टाउनशिपमध्ये मोकाट कुत्रा? उडवा! आणि नाडी... बायका येतात हो प्रदर्शनाला!’’ रिव्हिजन सी! उरलं काय? तिघं ताठ उभी, कुटुंबनियोजनाच्या पोस्टरसारखी! तर साहेब म्हणतात, ‘‘ठीक आहे, पण यात विनोद कुठाय? जरा विनोद वाढवा.’’ वाढवा? वरण आहे का ते? आपण काय हो, काढणारे!

घरी कागद टेबलावर आपटला. आमचे चिरंजीव बाळू, खोड्यांची कीर्ती पार टाउनशिपबाहेरच्या इंद्रपुरीपर्यंत, वाकून बघतात नि म्हणतात, ‘‘बाबा, इसमें मजा नहीं है यार!’’ मी म्हटलं, ‘‘हात लावशील तर तंगडं तोडीन!’’ आणि ड्यूटीवर गेलो. आता सांगा, एवढं सांगितल्यावर कुठलं पोर हात लावणार नाही? दुसऱ्या दिवशी कमलनं गुंडाळी हातात दिली, मी न उघडता मंडळात पोचवली.

प्रदर्शनात बघतो तर हीऽऽ गर्दी! बापाला साहेबांची मिशी, आईला वैजयंतीबाईंचा चष्मा, आणि पोरगं मिशीचं टोक कुत्र्याच्या गळ्यात बांधतंय! कुत्रा परत आला हो! नोकरी गेली, कंपनीचं क्वार्टर गेलं, तिकडे सोनागिरी वस्तीतली भाड्याची खोली डोळ्यांपुढे दिसायला लागली... तर साहेब पोट धरधरून हसतायत! ‘‘अरे, हा तर स्टोअर्समधला नरहर! हुबेहूब!’’ बाई म्हणतात, ‘‘आणि ही त्याची बायको!’’ स्वतःची मिशी कधी कुणी ओळखलीय? आणि मग साहेब ओरडले, ‘‘कुणी काढलं हे?’’

हेच! हेच ऐकायला जन्म घालवला होता! छाती फुगवून मी पुढे सरसावतो, तोवर साहेब चित्राचा कोपरा मोठ्यानं वाचतायत, ‘‘काढणारा, बाळू. तपासणारा, बाबा.’’

खोटं कशाला बोलू, जळलो हो मी! टाळ्या पोराला, मंजुरी साहेबांची, आणि कमल तर हसून हसून डोळे पुसतेय. कारखान्यानं जे प्रमोशन उभ्या नोकरीत दिलं नाही, ते कार्ट्यानं एका दुपारीत दिलं... आता आपण काय हो, तपासणारे!