रुक्मिणीबाईंचं पारणं

राजगोपाल : आत नाही येत, अप्पा. इथंच दाराबाहेर, तिण्णईच्या ओट्यावर बसतो. पण दार तरी पुरतं उघडा.

वैद्यनाथ : दार उघडंच आहे. त्या दारातनं कोण गेला नि कसा गेला, ते तुज ठाऊक.

अंबुजा : अय्यो अप्पा, पहाटे तरंगंबाडीहून निघालाय तो. अण्णा, पाणी घेतोस?

वैद्यनाथ : दे. पण बाहेरच्या लोट्यातनं दे.

अंबुजा : तोच आणलाय. मला माहीत नाही होय! घे रे अण्णा.

राजगोपाल : आईला काय झालंय, अंबुजा? निरोप्यानं एवढंच सांगितलं की तिनं अंथरूण धरलंय, ताबडतोब ये. ताप आहे का?

अंबुजा : ताप नाही, खोकला नाही. एकादशी धरली आणि द्वादशीला पारणंच केलं नाही. विठ्ठलापुढं बसली आणि म्हणाली, माझा राजगोपाल माझ्या पंगतीला बसून जेवेल तेव्हा मी उपास सोडीन. तेव्हापासून अन्नाला शिवली नाही. तुळशीचं पाणी घेते, तेवढंच.

राजगोपाल : आणि तुम्ही बघत बसलात?

अंबुजा : बघत? कंजी करून करून माझे हात भाजलेत. पेजेसारखी पातळ, मीठ घातलेली, तिला आवडते तशी. ओठाशी नेली की तोंड फिरवते. काल वैद्य येऊन गेला. म्हणाला, आज-उद्या पोटात काही गेलं तर बाई राहील. नंतर घातलंत तरी पोट घेणार नाही.

राजगोपाल : मग माझं पान मांड. जिथं मांडशील तिथं जेवतो.

वैद्यनाथ : हं. जणू गावाहून आलेला पाहुणाच.

राजगोपाल : अप्पा, ओट्यावर मांडा. गोठ्यात मांडा. तिला दारातनं दिसलं म्हणजे झालं.

वैद्यनाथ : तिनं पंगत म्हटलंय. तुझी आई शब्दाला एवढीशी ढिली नाही. आणि मी पान कसं मांडूं? तू पाद्र्याकडे बुडी मारून वेदक्कार, किरिस्ताव झालास, त्यानंतर मी काय केलं, कुणी सांगितलं तुज?

राजगोपाल : ऐकलं.

वैद्यनाथ : ऐकलंस, पण पाहिलं नाहीस. सगळे भाऊबंद जमवले. दक्षिणेकडे तोंड केलं. पाण्यानं भरलेला घट ठेवला, आणि नागलक्ष्मीनं तो डाव्या पायानं लाथाडला. दासीनंच लाथाडायचा असतो. तुज अंगाखांद्यावर खेळवलेली ती म्हातारी, पाय उचलेना तिचा. मी ओरडलों तिच्यावर. मग मी पितरांस सांगितलं, हा मेला. ओंजळीतलं पाणी सोडलं. तुझी आई दारामागं तोंडात पदर कोंबून उभी होती.

राजगोपाल : अप्पा...

वैद्यनाथ : मेलेल्याचंही पान मांडतात रे. पण ते कावळ्यापुढं ठेवतात.

अंबुजा : हळू बोला. आत ऐकू जातंय सगळं. अंगात त्राण नाही, पण कान तल्लख आहेत तिचे.

राजगोपाल : तुम्ही रागानं केलंत ते. आता राग नाही तुमचा. मला दिसतंय.

वैद्यनाथ : राग केव्हाच गेला. पण शब्द जातो का रागाबरोबर? दुकानात गिऱ्हाईकाला सांगितलेला भाव मी फिरवला नाही कधी, आणि पितरांस दिलेला शब्द फिरवूं? मग त्यांच्या लेखी मी कोण?

अंबुजा : आई नवसाला पक्की, तुम्ही पाणी सोडल्याला पक्के, हा त्याच्या बुडीला पक्का. एकापेक्षा एक! सरणाची लाकडं तेवढी मी मोजून ठेवते.

वैद्यनाथ : अंबुजा!

अंबुजा : जाते आत. तिचे पाय गार पडलेत, चोळते जरा.

वैद्यनाथ : ऐक. मी हातावर हात ठेवून बसलों नव्हतों. शास्त्रीबुवांकडे गेलों. शास्त्रात परत यायची वाट आहे. ज्यानं प्रायश्चित्त घेतलं त्याच्यासंगं भाऊबंदांनी तीर्थात उतरायचं, आणि नवा घट पाण्यानं भरून तिथंच सोडायचा. मग तो पुन्हा घरचा. आपलं महामखाचं तळं तीर्थच आहे. घट मी आणून ठेवलाय. बुवा घाटावर येऊन बसलेत.

राजगोपाल : आणि मी काय म्हणायचं?

वैद्यनाथ : तिथं बोललों ते सोडलं, एवढंच. एक वाक्य.

राजगोपाल : ते एक वाक्य नाही, अप्पा.

वैद्यनाथ : मग काय आहे? सांग मज. पाद्रीबुवानं विचारलं, तू हो म्हणालास, पाण्यात बुडी मारलीस. त्यात असं काय आहे की जन्मदाती मेली तरी सोडवत नाही?

राजगोपाल : तुम्हाला राग येईल.

वैद्यनाथ : राग यायला बळ लागतं.

राजगोपाल : आमच्या शास्त्रात एक म्हातारा आहे. मूलबाळ नाही, परमुलखात तंबूत राहतो. देव त्याला म्हणाला, मी तुझा आणि तुझ्या वंशाचा. म्हाताऱ्यानं विचारलं, मी कशावरून समजू? तेव्हा त्या मुलखात करार करायची रीत अशी, की जनावरं उभी चिरायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग शब्द देणाऱ्यांनी मधून चालत जायचं. म्हणजे, शब्द मोडला तर माझं असं होवो.

वैद्यनाथ : मग चालले दोघं?

राजगोपाल : नाही. म्हाताऱ्याला गाढ झोप लागली. अंधार पडला, आणि नुसता जाळ मधून गेला. एकटा देवच चालला.

वैद्यनाथ : आणि म्हातारा निजलेलाच?

राजगोपाल : निजलेलाच. म्हणून आम्ही जे बोलतो ना, मी तुझा, ते आमच्या जोरावर नसतं. त्याचे लोक पुढं कितीदा फिरले. मूर्ती केल्या, पळाले, खोटं बोलले. तो फिरला नाही.

वैद्यनाथ : थांब. म्हणजे तू मोडलंस तरी तो मोडत नाही?

राजगोपाल : नाही.

वैद्यनाथ : मग मोड की रे!

राजगोपाल : अप्पा...

वैद्यनाथ : मोड! माझे पितर रुसतील. तुझा देव रुसत नाही म्हणतोस. ज्याचा देव इतका सोशिक, त्यानं पहिल्यानं मोडावं. मी हात जोडतों. बघ, बापानं लेकापुढं हात जोडले.

राजगोपाल : नका, नका हो! गाडीत मी दुसरं काय करत होतो? हेच घोकत होतो. तो सोडणार नाही, मग मी सोडलं तर काय बिघडलं? पण जो सोडत नाही त्यालाच कसं सोडायचं? मारणाऱ्या मालकाला सोडून जाता येतं. आणि खरं सांगू? मायवरमला गाडी बदलताना फलाटावरच गुडघे टेकले. एकच मागितलं, वाट दाखव. काही नाही. भिंतीशी बोलल्यासारखं. आताही काही नाही.

वैद्यनाथ : आमचाही दगड काही बोलला नाही. सगळ्यांचं सारखंच दिसतंय.

राजगोपाल : तिचा हात तेवढा हातात घेऊ द्या. मी समजावतो.

वैद्यनाथ : तीच नको म्हणते. पंगतीत बसल्याशिवाय तोंड बघायचं नाही, हेही नवसात घातलंय. बाई हट्टाला आपल्या दोघांची आई आहे.

राजगोपाल : कण्हतेय का ती?

वैद्यनाथ : हं. कूस बदलली की.

राजगोपाल : चला.

वैद्यनाथ : कुठं?

राजगोपाल : तळ्यावर. घट घ्या. पाण्यात उतरतो, बुवा सांगतील ते म्हणतो.

वैद्यनाथ : खरंच म्हणशील?

राजगोपाल : म्हणेन.

वैद्यनाथ : मनातून?

राजगोपाल : मनातलं काढू नका, अप्पा. तोंडानं म्हणेन. मन माझं आधीच फाटलंय. खोटं म्हणेन आणि तुमच्या शेजारी बसून भात खाईन. ती जेवली की मग माझं काय व्हायचं ते होवो.

वैद्यनाथ : खोट्या तोंडानं घट सोडलास तर तो सोडलाच नाही. पितरांस मी खोटा साक्षी नेला, असं होईल.

राजगोपाल : मग मी काय करू? सांगा ना! खरं म्हटलं तर ती मरते, खोटं म्हटलं तर तुम्ही नरकात. मी काय करू?

वैद्यनाथ : ऊठ.

राजगोपाल : काय?

वैद्यनाथ : ऊठ म्हटलं. मज ठाऊक नाही तुझ्या मनात काय आहे. विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. खोटं तर खोटं. सारा जन्म खरं बोलून काय मिळालं? ही अशी दुपार मिळाली. चल, ऊन कलायच्या आत जाऊं. अंबुजा! तो घट आण बाहेर!

अंबुजा : घट राहू द्या, अप्पा. आईनं कंजी घेतली.

वैद्यनाथ : काय?

अंबुजा : घेतली म्हणते ना. वाटीभर. थांबून थांबून, पण घेतली.

राजगोपाल : अंबुजा, माझ्याकडं बघून सांग.

अंबुजा : बघतेय की! घेतली रे अण्णा. तुमचं सगळं ऐकत होती. म्हणाली, नवस माझा होता, मी विठ्ठलाची क्षमा मागितली, आता कुणी पाण्यात उतरायचं नाही. माझ्यापायी खोटं बोलायचं नाही. दोघांनीही.

राजगोपाल : ऐकलंत, अप्पा? जेवली ती. ऐकलं त्यानं. मी भिंत म्हणालो त्याला, आणि त्यानं ऐकलं. मला एकदा तिच्या पायाशी जाऊ दे, अंबुजा. उंबऱ्यावरनं नुसतं बघतो.

अंबुजा : नको म्हणते. तोंड बघितलं तर पुन्हा हट्ट धरेन, म्हणते. तिला जरा अंगात शक्ती येऊ दे. आता जा, मायवरमची गाडी गाठ. उद्या शाळेत शिकवायचं आहे ना तुला?

राजगोपाल : आहे. तिला सांग... काय सांगशील? सांग, मी तिचाच आहे. असं सांग.

अंबुजा : सांगते.

राजगोपाल : येतो, अप्पा.

वैद्यनाथ : ये. डोक्यावर पंचा घे, ऊन आहे.

(राजगोपाल जातो. बाप-लेक तिण्णईवर.)

वैद्यनाथ : किती हलका होऊन गेला बघ. अंबुजा, घरात गूळ आहे का? तिला आवडतो. कंजीनंतर जरासा जिभेवर ठेव.

अंबुजा : अप्पा.

वैद्यनाथ : अं?

अंबुजा : खाली बसा.

वैद्यनाथ : बसलेलाच आहे. रडतेस कशाला? जेवली ना ती?

अंबुजा : कंजी मागच्या दारी गाईला घालायला लावली. मग रिकामी वाटी मागितली आणि उशाशी ठेवली, तो आत आलाच तर दिसावी म्हणून.

वैद्यनाथ : आणि तू तसं सांगितलंस? माझ्या लेकीनं?

अंबुजा : विठ्ठलाच्या पायावर माझा हात धरून ठेवला तिनं. त्या हातात केवढं बळ होतं, अप्पा. तो गाडीत बसेतो कुणाला बोलायचं नाही, म्हणाली. मला तेवढंही जमलं नाही.

वैद्यनाथ : हाक मार त्याला. कोपऱ्यावर असेल अजून. मी जातों. माझी काठी कुठाय?

अंबुजा : आणि त्याला आणून काय करणार? पाण्यात घालणार? ते ती बघणार नाही. तुम्ही त्याचं पान मांडणार? सांगा. मांडणार असाल तर मीच धावते.

वैद्यनाथ : माझी काठी दे आधी.

अंबुजा : अप्पा, मांडणार?

वैद्यनाथ : मज उठतां येत नाही गं.

अंबुजा : मग बसा. मी आत जाते. गाडीची शिटी झाली की मला सांग, म्हणालीय. ऐकू येतं तिला, तरी सांग म्हणाली.